पावती फाडल्यानंतरचं काम: शाळेचा देणगीदार कसा जोडावा, कसा टिकवावा

मुंबईतल्या बहुतेक मराठी शाळांच्या कार्यालयात पावतीपुस्तकं जपून ठेवलेली असतात, देणगीदारांची वही मात्र सापडत नाही. मागच्या पाच वर्षांत कुणी किती दिले हे हिशेबनिसाला सांगता येतं. ते का दिले, त्यांचं पुढे काय झालं आणि देणाऱ्याला ते कळवलं का, हे कुणालाच सांगता येत नाही. पहिली देणगी शाळेच्या पुण्याईवर मिळते. दुसरी मिळते ती पहिलीचं काय केलं यावर. म्हणून या लेखात मागण्यापेक्षा मागितल्यानंतरच्या कामाबद्दल जास्त लिहिलं आहे. संस्थेचे विश्वस्त, मुख्याध्यापक, माजी विद्यार्थी संघाचे कार्यकर्ते, तिघांनीही ते वाचावं.

'डोनेशन' आणि देणगी

मुंबईत 'डोनेशन' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर प्रवेशासाठी दिलेले पैसेच येतात. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या फीशिवाय उकळलेली रक्कम, घेण्यावर १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे अशी रक्कम घेणाऱ्या शाळेला तिच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायद्याच्या आधी विश्वासाचा प्रश्न आहे. प्रवेशाच्या खिडकीशेजारी देणगीची पेटी दिसली, तर ज्याला मनापासून द्यायचं आहे तोही हात आखडता घेतो.

त्यासाठी दोन नियम लेखी ठराव करून पाळावेत. प्रवेश देणारी व्यक्ती आणि देणगी स्वीकारणारी व्यक्ती एक नसावी. आणि ज्यांच्या मुलाच्या प्रवेशाचा अर्ज आला आहे किंवा येणार आहे, त्या घराकडे त्या वर्षी देणगी मागू नये, त्यांनी आपणहून दिली तरी घेऊ नये. 'प्रवेश झाल्यावर नक्की या' असं गोड बोलूनही सुचवू नये, कारण पालक त्याचा अर्थ बरोबर ओळखतात. शाळेच्या सगळ्या कागदांवर 'देणगी' हाच शब्द वापरावा.

मागण्याआधी कपाटातले कागद

देणगीदार, विशेषतः बँकेत किंवा कंपनीत आयुष्य गेलेला माजी विद्यार्थी, पहिल्याच भेटीत दोन-तीन कागद मागतो. तेव्हा 'बघून सांगतो' म्हणावं लागलं की निम्मा उत्साह तिथेच मावळतो. एका फायलीत हे तयार ठेवा: सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र, संस्थेचं पॅन, प्राप्तिकराची बारा-ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ऐंशी-जी (देणगीदाराच्या करपात्र उत्पन्नात वजावट) मान्यतापत्रं मुदतीच्या तारखांसह, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, विश्वस्तांची चालू यादी आणि रद्द केलेला एक चेक. विश्वस्त बदलले असतील आणि धर्मादाय आयुक्तांकडचा बदल अर्ज प्रलंबित असेल, तर तेही आपणहून सांगावं. नंतर बाहेरून कळलं तर ते लपवल्यासारखं दिसतं.

ऐंशी-जी बद्दल देणगीदाराला नेमकं आणि खरं सांगा. दोन हजार रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट मिळत नाही. वस्तूरूपाने दिलेल्या देणगीलाही मिळत नाही. म्हणजे कुणी वीस संगणक विकत घेऊन दिले तर त्याला करात काही नाही, तेवढेच पैसे चेकने दिले तर वजावटीचा विचार होतो. आणि ज्याने नवी करप्रणाली निवडली आहे अशा व्यक्तीला ही वजावट मिळतच नाही. आज पुष्कळ पगारदार नव्या प्रणालीत आहेत. त्यांना 'टॅक्स वाचेल' असं सांगून देणगी घेतली, तर जुलैत रिटर्न भरताना त्यांना फसवल्यासारखं वाटतं आणि तो माणूस कायमचा जातो.

शाळेच्या बाजूने सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे देणग्यांचं वार्षिक विवरण. फॉर्म १०-बीडी आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत भरायचा आणि त्यातून तयार होणारं १०-बीई प्रमाणपत्र प्रत्येक देणगीदाराला द्यायचं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क पडतं. पण खरं नुकसान देणगीदाराचं होतं, कारण शाळेने विवरण भरलं नसेल तर हातात पावती असूनही वजावट अडकते. हे विवरण भरायला देणगीदाराचा पॅन किंवा आधार क्रमांक लागतो. तो पैसे घेतानाच घ्यावा, मे महिन्यात दोनशे लोकांना फोन करत बसू नये. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू होत असल्याने कलमांचे आकडे बदलतात. नवं विवरण कोणत्या फॉर्ममध्ये भरायचं ते आपल्या सीएकडून लिहून घ्या आणि पावतीवरचा मजकूरही त्याच वेळी तपासून घ्या.

एक साधी गोष्ट अनेकदा राहते. देणगीदार शाळेला ओळखतो, पावती मात्र संस्थेच्या नावाने निघते. 'मी शाळेला दिले, हे कोण?' असा प्रश्न येतो. चेक कोणत्या नावाने काढायचा आणि ते नाव वेगळं का आहे, हे मागणीपत्रातच दोन ओळींत लिहा.

गरज आकड्यांत मांडा

'शाळेला मदतीची गरज आहे' या वाक्यावर फार तर पाचशे रुपये मिळतात. 'सातवी अ च्या वर्गात ४८ मुलं आहेत, दोघांचे २४ बाक लागतात, त्यातले ९ मोडलेले आहेत, तीन दरपत्रकं घेतली, सर्वांत योग्य दर हा' असं सांगितलं की ऐकणारा मनातल्या मनात हिशेब करू लागतो आणि स्वतःच म्हणतो, तीन बाक माझ्याकडे लागले.

प्रत्येक कामाचं एक पान करा. काय हवं, किती हवं, दर काय, कुणाकडून घेणार, किती दिवसांत होणार आणि पुढची तीन वर्षं त्याची देखभाल कोण करणार. शेवटची ओळ सोडून दिली जाते आणि त्याचं फळ मुंबईतल्या कित्येक शाळांच्या व्हरांड्यात दिसतं. भिंतीवर पाणी शुद्ध करणारं यंत्र, त्यावर देणगीदाराच्या आईच्या नावाची पितळी पाटी, आणि नळाला दोरीने बांधलेला 'बंद आहे' असा पुठ्ठा. यंत्राला पैसे मिळाले होते, फिल्टर बदलायला नव्हते. एखाद्या दिवशी देणगीदाराचा मुलगा शाळेत येतो आणि तो पुठ्ठा बघून परत जातो. म्हणून उपकरणाच्या मागणीत किमान तीन वर्षांचा देखभाल करार धरूनच रक्कम सांगा. देणगीदाराला ती वाढलेली रक्कम पटवून देणं अवघड नसतं. मुंबईत ज्याच्या घरी असं यंत्र आहे त्याला हा खर्च माहीत असतो.

कामांचे लहान, मध्यम, मोठे असे तुकडे असू द्या. हजार रुपये देणाऱ्यालाही 'माझे पैसे इथे लागले' असं बोट ठेवता आलं पाहिजे: एका मुलाचं गणवेश-दप्तर, ग्रंथालयातली दहा पुस्तकं, प्रयोगशाळेतलं काचसामान.

अनुदानित शाळेत आणखी एक प्रश्न हमखास येतो. 'सरकार पगार देतं ना, मग पैसे कशाला?' याचं उत्तर तयार हवं. अनुदानाचा मोठा भाग वेतनाचा असतो. वेतनेतर अनुदानातून इमारतीची दुरुस्ती, वीजबिल, शिपाई-सफाईचा खर्च भागत नाही. आपल्या शाळेचे गेल्या वर्षीचे खरे आकडे त्याच पानावर द्या.

यादी: जनरल रजिस्टरपासून सुरुवात

मराठी शाळांचा खरा ठेवा म्हणजे जनरल रजिस्टर, शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही. फोनमधल्या गटांत दोनशे जण असतात, रजिस्टरात हजारो. यादी करताना चार गोष्टींकडे लक्ष द्या.

मुलींची नावं. लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं, रजिस्टरात माहेरचं असतं. वहीत दोन्ही नावांचे वेगळे रकाने ठेवा. हे न केल्याने माजी विद्यार्थिनी यादीतून जवळपास पूर्ण गळतात आणि मेळाव्याला फक्त पुरुष दिसतात. माहेरच्या नावाने आलेलं शाळेचं पत्र सत्तरीच्या बाईही जपून ठेवतात.

बॅचचं वर्ष. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत शालान्त परीक्षा अकरावीला होती, नंतर दहावीला. तेव्हा 'कितवीतून बाहेर पडलात' यापेक्षा 'एसएससीचं वर्ष कोणतं' असं विचारा, नाहीतर वर्षं एकमेकांत मिसळतात.

पत्ता. गिरगाव, लालबाग, परळ, दादरच्या चाळींतली कुटुंबं डोंबिवली, बदलापूर, ठाणे, वसई, विरारला गेली. जुन्या पत्त्यावर पत्रं पाठवून टपालखर्च वाया घालवू नका. प्रत्येक बॅचमागे दोन समन्वयक नेमा, एक पुरुष, एक स्त्री, आणि आपापल्या तुकडीतल्या निदान तीस जणांचा आजचा ठावठिकाणा त्यांच्याकडून घ्या.

आवडते शिक्षक. हा रकाना मोलाचा आहे. भूमितीच्या सरांमुळे अभियंता झालेला माणूस भूमितीच्या प्रयोगशाळेला देईल, क्रीडांगणाला कदाचित देणार नाही.

फोन क्रमांक आणि पॅन ही खासगी माहिती आहे. ज्यासाठी घेतली त्यासाठीच वापरायची, बॅचच्या गटात टाकायची नाही, आणि कुणी 'मला यादीतून काढा' म्हणालं की त्याच दिवशी काढायचं. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीला महत्त्व आहे. पण कायदा नसता तरी हे करायलाच हवं होतं.

पहिली भेट

मोठ्या देणगीसाठी पहिल्या भेटीत पैसे मागू नका. त्यांना शाळेत बोलवा, शाळा भरलेली असताना. रिकामी इमारत दाखवून काही होत नाही. त्यांचा जुना वर्ग, बाकावर बसलेली आजची मुलं, छताचा ओघळ, जे आहे ते दाखवा. मुलांना उभं करून स्वागतगीत गायला लावू नका. तास चालू आहे तो चालू द्या. पाच मिनिटं मागच्या बाकावर बसवलं तर पुढे फार बोलावं लागत नाही.

दोघांनी मिळून भेटावं: एक विश्वस्त आणि एक जुने, शक्यतो निवृत्त, शिक्षक. पैशांचं विश्वस्तांनी बोलावं, शाळेचं शिक्षकांनी. निवृत्त बाईंना विद्यार्थ्यापुढे पैशांसाठी हात पसरायला लावू नये. त्यांनाही वाईट वाटतं आणि त्यालाही.

एक प्रश्न मराठी माध्यमाच्या प्रत्येक शाळेत येतो: 'शाळा चालू राहणार आहे ना?' इथे गुळमुळीत उत्तर देऊ नका. पहिलीत यंदा किती मुलं आली, पाच वर्षांपूर्वी किती होती, गळती कुठे होते, आणि ती थांबवायला शाळा काय करते आहे, हे आकड्यांत सांगा. पट कमी झाला असेल तर कमी झाला म्हणा. ज्याला या शाळेची काळजी आहे तो खरं ऐकून पळत नाही. पुढे कधीतरी वर्तमानपत्रातून कळलं की मात्र पाठ फिरवतो.

याला जोडूनच दुसरी ठसठस आहे. एकाच आवारात संस्थेची मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमं असतात. माजी विद्यार्थी आपल्या मराठी शाळेसाठी देतात आणि नवं सभागृह, नवे संगणक इंग्रजी विभागाला गेलेले दिसतात. एवढ्या एका कारणाने अख्ख्या बॅचेस दुरावल्या आहेत. उपाय सोपा आहे. पावतीवर 'मराठी माध्यम शाखेसाठी' असा उल्लेख, हिशेबात वेगळं खातं, आणि सामायिक वापराची वस्तू असेल तर तसं आधी सांगून घेतलेली लेखी संमती. संस्थेला हे करायचं नसेल, तर मराठी शाळेच्या नावाने मागूही नये.

दुसऱ्या भेटीत मागायचं, तेही रक्कम आणि काम सांगून. 'तुम्हाला जमेल तसं' म्हणू नका. त्याने देणाराच अवघडतो. असं म्हणा: 'प्रयोगशाळेची चार टेबलं बदलायची आहेत, एकाला पस्तीस हजार येतात. त्यातलं एक तुम्ही घ्याल का? विचार करून पंधरा दिवसांनी सांगा.' मग गप्प बसा. आणि पंधराव्या दिवशी खरंच फोन करा.

पहिले सात दिवस

पैसे आले की त्याच दिवशी दोन ओळींचा संदेश, दोन दिवसांत पावती, सात दिवसांत पत्र. पावतीवर अनुक्रमांक, तारीख, नाव, पत्ता, पॅन, रक्कम अंकी आणि अक्षरी, भरणा कसा झाला, कोणत्या कामासाठी, संस्थेचं पॅन आणि ऐंशी-जी मान्यतेचा क्रमांक. क्यूआर कोडवर परस्पर आलेल्या रकमांत नाव अर्धवट असतं. रोज संध्याकाळी खातं बघून ज्यांची ओळख पटत नाही त्यांची वेगळी नोंद करा आणि आठवड्याच्या आत छडा लावा. नाव-पत्ता नसलेल्या देणग्या ठराविक मर्यादेपलीकडे गेल्या तर त्यावर ३० टक्के कर बसू शकतो.

पत्र छापील मसुद्याचं चालेल, पण एक ओळ हाताने लिहिलेली हवी. मुख्याध्यापकांच्या अक्षरात 'तुमच्या वेळचा फळा अजून त्याच भिंतीवर आहे' एवढं वाक्य पुरे. पत्रात पुढची मागणी घालू नये. आभाराच्या पत्राखाली बँकेचा तपशील छापलेला असतो, तो काढून टाका.

शाल-श्रीफळाचा मान आपल्याकडे आहे आणि तो ठेवावा, पण देणगीच्या पैशातून नाही. हजार रुपये देणाऱ्याला तीनशेची शाल दिली तर शहाणा देणगीदार मनात वजाबाकी करतो. मुलांनी वर्गात केलेलं भेटकार्ड, शाळेचा जुना फोटो, त्यांच्या प्रगतिपुस्तकाच्या पानाची प्रत, या गोष्टी घराच्या भिंतीवर लागतात.

हिशेब कळवणं

काम पुरं झाल्यावर तीस दिवसांत एक पान. उदाहरणादाखल, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीसाठी २,४०,००० रुपये जमले असतील तर असं लिहा: नळजोडणी ८६,४००, टाइल्स आणि मजुरी १,१२,०००, चार दरवाजे २८,०००, एकूण २,२६,४००. शिल्लक १३,६०० रुपये स्वच्छतागृहाच्या देखभालीसाठी वेगळे ठेवले. बिलं कार्यालयात पाहायला मिळतील, शनिवारी ९ ते १२. शेवटचं वाक्य महत्त्वाचं. बिलं पाहायला शंभरात एखादाच येतो, पण पाहू देतात हे सगळ्यांना कळतं.

काम रखडलं तरीही कळवा, आणि आधी कळवा. पालिकेची परवानगी अडली, ठेकेदार पळाला, पावसाळा मध्ये आला, जे असेल ते. 'मे अखेर होणार होतं, आता दिवाळीच्या सुट्टीत होईल, पैसे बँकेत सुरक्षित आहेत' एवढं तीन ओळींचं पत्र गेलं की कुणी चिडत नाही. सहा महिने गप्प राहिल्यावर देणगीदाराने स्वतः फोन केला, तर त्यानंतरच्या कोणत्याही खुलाशाला वजन राहत नाही. आणि एका कामाचे पैसे दुसऱ्याला वापरायचे असतील, कितीही निकडीचं असलं तरी, आधी विचारा. बहुतेक जण हो म्हणतात.

फोटो पाठवताना गरीब मुलाचा चेहरा आणि नाव देऊ नका. 'याच्या वडिलांना काम नाही' असं लिहून त्याचा फोटो बॅचच्या गटात फिरला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच शेजारच्या काकांच्या फोनवर दिसला, तर त्या मुलाने शाळेत कोणत्या तोंडाने यायचं? वस्तूचा फोटो द्या, पाठमोरा वर्ग द्या. चेहरा दिसणार असेल तर पालकांची लेखी परवानगी घ्या.

पारितोषिक निधी: सर्वांत नाजूक जागा

जवळपास प्रत्येक जुन्या शाळेत 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्या मुलीला बक्षीस असतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कुणी पाच हजारांची ठेव ठेवली. तेव्हा बँका मुदतठेवीवर अकरा-बारा टक्के देत, म्हणजे वर्षाला साडेपाचशे-सहाशे रुपये. त्या काळी ते चांगलं बक्षीस होतं. आज सहा-साडेसहा टक्क्यांनी तीनशे-सव्वातीनशे येतात. मग शाळा काय करते? बक्षीस गुपचूप बंद करते किंवा पाच निधी मिळून एक प्रमाणपत्र देते. वीस वर्षांनी त्या घरातली नात मेळाव्याला येते, फलकावर आजीचं नाव शोधते आणि सापडत नाही.

आधी सगळ्या जुन्या निधींची यादी करा: मूळ रक्कम, तारीख, अट, ठेव कुठे आहे, शेवटचं बक्षीस कधी दिलं. मग त्या घरांशी संपर्क साधा आणि खरं सांगा: 'व्याज पुरत नाही. ठेव वाढवता येईल का, की स्मरणार्थ एकत्रित पारितोषिकात नाव ठेवून चालवू?' बरीच घरं ठेव वाढवतात, कारण कुणी विचारलं याचंच त्यांना अप्रूप असतं. जी वाढवत नाहीत त्यांचंही नाव वगळू नका.

नवा निधी घेताना किमान रक्कम ठरवा. साधा हिशेब असा: ३०,००० रुपये ६.५ टक्क्यांनी वर्षाला १,९५० देतात. त्यातला पाचवा हिस्सा, ३९० रुपये, ठेवीत परत टाकला तर १,५६० रुपयांचं बक्षीस देता येतं आणि मूळ रक्कमही हळूहळू वाढते. सगळं व्याज वाटून टाकलं तर महागाई निधी खाऊन टाकते. कायमनिधीसाठी देणगीदाराचं लेखी पत्र लागतं, की ही रक्कम कायमनिधीत ठेवावी आणि फक्त व्याज वापरावं. ते देणगीबरोबरच घ्या, लेखापरीक्षणाच्या वेळी मागची तारीख घालून घेऊ नका. आणि एक कलम आवर्जून घाला: ठरलेलं बक्षीस पुढे अशक्य झालं, समजा तो विषयच राहिला नाही, तर संस्थेने सर्वांत जवळच्या हेतूसाठी निधी वापरावा.

बक्षीस दिल्यावर दरवर्षी त्या घरी एक फोन. 'नमस्कार, शाळेतून बोलतेय. तुमच्या आईंच्या नावाचं बक्षीस यंदा आठवीतल्या मुलीला मिळालं, तिने तुम्हाला चिठ्ठी लिहिली आहे, पाठवते. नाही नाही, पैशांसाठी नाही केला फोन.' दोन मिनिटांचं काम आहे.

नाव देण्याचं मोल मुंबईला नवं नाही. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव मिळालं. चर्चगेटला 'एसएनडीटी' म्हणून ते आजही रोज हजारो तोंडी आहे. आपल्या शाळेत कोणत्या रकमेला कोणतं नाव लागेल, किती वर्षं राहील, इमारत पाडून नवी झाली तर काय होईल, हे संस्थेने आधी ठरवून लिहून ठेवावं. पुनर्विकासात जुन्या संगमरवरी पाट्या ढिगाऱ्यात जातात. काम सुरू होण्याआधी प्रत्येक पाटीचा फोटो आणि मजकूर नोंदवा, नव्या इमारतीत एका भिंतीवर त्या सगळ्या लावा.

वर्षभराचं वेळापत्रक

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर नव्या वर्षाचे आकडे आणि दहावीचा निकाल कळवा. गुरुपौर्णिमेच्या सुमारास निवृत्त शिक्षकांची खबरबात. दिवाळीआधी हिशेबाचं पत्र. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनाचं बोलावणं. मोठी मागणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावी. ३१ मार्चच्या आधीच्या आठवड्यात सगळ्यांकडेच मागण्यांचा पाऊस पडतो, त्यात आपलं पत्र वाहून जातं. मे महिन्यात १०-बीई. वर्षाला चार वेळा काही द्यायला, सांगायला गेलात, तर एकदा मागायला जाण्याचा हक्क मिळतो.

मेळावा रविवारी ठेवायचा मोह होतो. रविवारी मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक, पश्चिमेला जंबोब्लॉक असतो, आणि आपले लोक डोंबिवली-विरारहून येणार आहेत. त्यापेक्षा २६ जानेवारी किंवा १ मे, झेंडावंदनानंतर. कार्यक्रम दोन तासांचा, भाषणं तीन, तीही दहा मिनिटांची. उरलेला वेळ लोकांना वर्गांतून हिंडू द्या. देणगीची घोषणा व्यासपीठावरून रकमेसह करू नका. पाच लाखांच्या टाळ्यांत पाचशे देणारा निवृत्त गिरणी कामगार मान खाली घालून बसतो. नावं वर्णानुक्रमे छापा, रकमेनुसार नाही.

कंपन्या आणि परदेशातली मंडळी

कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीसाठी संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी लागते, आणि बाहेरच्या संस्थेमार्फत काम करताना कंपनी किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभव पाहते. कंपनीत भावनेपेक्षा कागद बोलतो: प्रस्ताव, टप्पे, पैसे कुठे खर्च झाले याचं सीएने सही केलेलं विनियोग प्रमाणपत्र. दार मात्र माणसानेच उघडतं. बीकेसीत किंवा अंधेरीत नोकरी करणारा आपला माजी विद्यार्थी कोण आहे, हे वहीत शोधा.

परदेशातून पैसे घेताना भारतीय नागरिक आणि परदेशी नागरिक हा फरक पाहा. भारतीय पारपत्र असलेला माजी विद्यार्थी आपल्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने देऊ शकतो. त्याच्या पारपत्राची प्रत फायलीत ठेवा. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती विदेशी देणगी होते. मग एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं ठरलेलं खातं याशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. मूळचा दादरचा आहे, मराठी बोलतो, म्हणून नियम बदलत नाही. हे त्याला प्रेमाने समजावून सांगा, तोही समजून घेतो.

नाही म्हणायची वेळ

देणगीबरोबर नातवाच्या प्रवेशाची चिठ्ठी आली, निवडणुकीच्या तोंडावर फलकावर फोटो लावायची अट आली, कंपनीने वह्यांवर आपल्या खाऊची जाहिरात छापायला सांगितली, किंवा कुणी मोठी रोकड घेऊन आला, तर नम्रपणे नाही म्हणा, आणि तो ठराव विश्वस्तांच्या सभेत नोंदवा. मुख्याध्यापकांवर एकट्यावर हे ओझं टाकू नका. 'आमच्या नियमात बसत नाही' म्हणायला लेखी नियम पाठीशी असला की बोलणं सोपं जातं. घेतलेली देणगी परत करायची वेळ आली तर सीएचा सल्ला घेऊन, ज्या खात्यातून आली त्याच खात्यात.

देणगीदार गेल्यावर

वहीत कुणाच्या नावापुढे 'निधन' लिहायची वेळ आली की नाव खोडू नका. मुख्याध्यापकांनी आणि एका विश्वस्ताने घरी जाऊन यावं, जमलं नाही तर हाताने लिहिलेलं पत्र. त्यात त्यांनी शाळेसाठी काय केलं, ते वर्षं आणि कामं घालून लिहा, कारण पुष्कळदा मुलांना ते ठाऊक नसतं. वडिलांच्या कपाटात सापडलेली पिवळी पावती घेऊन दीड-दोन वर्षांनी कुणीतरी शाळेच्या फाटकाशी येतं. त्या दिवशी कार्यालयात जो कुणी असेल त्याला वही कुठे आहे हे माहीत असलं पाहिजे, आणि ती उघडून 'हे बघा, हा बाक' म्हणून वर्गापर्यंत घेऊन जाता आलं पाहिजे.